पहिली ओळ सोडून

माझ्या आईला अक्षरओळख झाली ती पंचेचाळिशीत, आणि तिच्यापेक्षा मीच त्याचा जास्त गवगवा केला. साक्षरतेच्या वर्गाला ती सहा महिने गेली, तेही अर्जुनामामाच्या शिव्या खात. मग काडेपेटी वाच, एस.टी.ची पाटी वाच, साबणाचा कागद वाच, असं सुरू झालं. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची. घरी कुणी आलं की मी काहीतरी छापील तिच्यापुढं धरायचो आणि ‘वाच गं आये’ म्हणायचो. ती लाजायची, कधी चिडायची, पण वाचायची. हे कौतुक मला नडलं. मला नडलं म्हणणंही खोटंच आहे. ते तिला नडलं.

आम्ही आटपाडीकडचे धनगर. वडील मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आई आपल्या भावाकडं, अर्जुनामामाकडं राहिली. दोघांची मिळून सव्वाशे मेंढरं. दिवाळी झाली की ती घेऊन कराडच्या अंगाला जायचं, तिकडच्या शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. आमचं घर, आईचं म्हातारपण, माझं शिक्षण, जे काय होतं ते त्या सव्वाशे तोंडांत होतं. बाकी आमच्याकडं नाव घेण्यासारखं काही नव्हतं.

मी मात्र मेंढरांमागं गेलो नाही. मी कॉम्प्युटर शिकलो. अठ्ठ्याण्णव साली कुपवाडच्या एमआयडीसीत लालासाहेब नावाच्या मालकांकडं नोकरीला लागलो. जनावरांची औषधं बाटल्यांत भरून विकायचा त्यांचा लहानसा कारखाना होता. माल पन्नास-साठ प्रकारचा, आणि प्रत्येक बाटलीवरचं लेबल बाहेरून छापून आणायचं म्हणजे आठवडा जायचा. मालकांना वाटलं, कॉम्प्युटरवर आपणच छापावं. त्या कामाला आम्ही दोघं होतो, मी आणि मिलिंद. मिलिंद कुपवाडचाच, अबोल, आणि नको तितका नीटनेटका. त्याचं टेबल बघितलं की मला आपलं टेबल विस्कटून यावंसं वाटायचं.

प्रोग्रॅम आम्ही जावात लिहायचा ठरवला. ठरवला म्हणजे मी ठरवला. जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा तेव्हा नवी होती आणि सांगलीत ती येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तिच्यात मराठी अक्षरं उमटवताना आम्ही आठ दिवस झगडलो, पण उमटली.

आता लेबल म्हटलं की याद्या आल्या. जनावर कोणतं, त्याची यादी. औषध कसं वापरायचं, त्याची यादी. माप कशात, त्याची यादी. प्रत्येक यादीत ठरावीक चार-पाच गोष्टी, त्याबाहेर काही नाही. अशा ठरावीक यादीसाठी पुढं जावात ‘एनम’ नावाची सोय आली. आज कुठल्याही एनमवर चालणारा एकच कोड लिहिता येतो, आणि तरी एका यादीतली गोष्ट दुसरीत घुसत नाही. पण ती सोय यायला दोन हजार चार साल उजाडलं. आमच्या वेळी प्रत्येक गोष्टीला आकडा द्यायचा, शून्य, एक, दोन, आणि आकडा लक्षात ठेवायचा. जावाला सगळे आकडे सारखेच. ‘दोन’ म्हणजे बैल की ‘दोन’ म्हणजे चमचा, ह्याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

मिलिंद म्हणाला, "आपण आकडे नको वापरूया. वापराच्या पद्धतीचा वेगळा क्लास करू. त्यात चारच वस्तू, प्रत्येकीला तिचं नाव. पाचवी बाहेरून कुणाला बनवता यायची नाही. जनावरांचा वेगळा, मापांचा वेगळा." क्लास म्हणजे प्रोग्रॅममधला साचा, प्रत्येक यादीला स्वतःचा.

"आणि दहा याद्यांचे दहा क्लास कोण टाइप करणार? तुझा आजा?"

"मी करतो की."

मी हसलो. खरं म्हणजे मला राग आला होता, कारण त्याचं म्हणणं बरोबर वाटत होतं. मी एका रात्रीत ‘यादी’ नावाचा एकच क्लास लिहून आणला. कुठलीही यादी असू दे, एका साध्या फाइलीत ओळीखाली ओळ लिहायची. क्लास ती फाइल वाचणार आणि पहिल्या गोष्टीला शून्य, दुसरीला एक, असे आकडे देत जाणार. औषधाच्या नोंदीत तेवढा आकडा ठेवायचा. सगळ्या याद्यांना एकच कोड, चाळीस ओळींचा. मालकांना दाखवला, मालक खूश. मिलिंदनं तो दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, "फाइलीत कुणी काही मागंपुढं केलं तर?"

"नवीन गोष्ट कायम शेवटी टाकायची. मधे घुसवायची नाही. एवढा नियम पाळला की झालं," मी म्हणालो. त्यानं मान हलवली. मिलिंद नियम पाळणारा माणूस होता.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही. शाळेपासून मला सवय, कोरा कागद घेतला की वर मधोमध ‘श्री’ लिहायचं. फाइलींतही मी तेच केलं. पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला तेव्हा जनावरांच्या यादीत गाय, बैल, शेळीच्या आधी ‘श्री’ दिसलं. मला हसू आलं. श्री काढून टाकणं जिवावर आलं, म्हणून मी कोडमध्येच एक ओळ घातली. प्रत्येक फाइलीची पहिली ओळ सोडून द्यायची आणि दुसरीपासून मोजायचं. काम फत्ते.

डिसेंबरात विट्याला एका मित्राचं लग्न निघालं. त्याचे भाऊ तिकडं दूर गलाईच्या दुकानात, सोनं गाळायच्या धंद्यात. ते लग्नासाठी सुट्टी काढून आलेले, त्यामुळं तीन दिवस धमाल होती. मी तिकडं असताना लालासाहेबांनी मिलिंदला बोलावलं. वापराच्या यादीत मी ‘इंजेक्शन’, ‘वरून’, ‘तोंडाने’, ‘चाऱ्यातून’ असे तुटक शब्द लिहिले होते. मालक म्हणाले, खेड्यातल्या माणसाला कळेल असं पुरतं वाक्य पाहिजे, आणि नवं मलम येतंय, तेही घाल. मिलिंदनं पडद्यावर दिसणाऱ्या क्रमानं यादी कोऱ्या फाइलीत नव्यानं टाइप केली. टोचावे. पाण्यात कालवून अंगावर ओतावे. तोंडाने पाजावे. चाऱ्यात मिसळावे. आणि नियमाप्रमाणे शेवटी, जखमेवर लावावे.

शुक्रवारी मी परत आलो. शनिवारी गोचीडनाशकाच्या बाटल्यांना नवी लेबलं चिकटवून बारा खोकी भरली. मी मालकांना विचारून लिटरच्या तीन बाटल्या पिशवीत घातल्या आणि दुपारच्या एस.टी.नं कराड गाठलं. मामांचा तळ तेव्हा जवळच मलकापूरला सयाजी नावाच्या शेतकऱ्याच्या रानात होता. मामा मेंढरं घेऊन पाण्यावर गेलेले. आई एकटीच चुलीपाशी होती.

"हे कशाचं रं?" तिनं बाटली हातात घेतली.

"वाच की."

"गो-ची-ड-ना-श-क." ती हसली. "लय झाल्यात औंदा. कानात, मांड्यांत, समद्यांस्नी. मग हे कसं वापरायचं?"

"मी सांगणार न्हाई. बाटलीवर समदं लिवलंय. मामा मेंढरं धरतील तवा तूच त्यास्नी वाचून दाव. कुणाला इचारायची गरज न्हाई आता तुला."

"तू वाचलंयस न्हवं?"

"आगं, मीच छापलंय."

असं बोललो. कराडहून शेवटची गाडी चुकू नये म्हणून चहा अर्धा टाकून पळालो. लेबलाकडं मी पाहिलंसुद्धा नव्हतं. आपणच छापलेलं कोण वाचत बसतं?

सोमवारी सकाळी नव्या मलमाची लेबलं काढायला घेतली आणि प्रोग्रॅम बंद पडला. पडद्यावर एक ओळ होती, यादीच्या बाहेरचा आकडा, चार. मी मोजलं. यादीत पाच गोष्टी, शून्यापासून चारपर्यंत. चार हा आकडा असायलाच हवा होता. मी फाइल उघडली. पहिल्याच ओळीवर ‘टोचावे’.

"श्री कुठाय?" मी ओरडलो.

"कसला श्री?" मिलिंद म्हणाला.

"पहिल्या ओळीत! वर! श्री लिहायचं सोडून दिलंस तू?"

"मी श्री कशाला लिहीन?"

त्यानं हे शांतपणे विचारलं. मिलिंदच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला होता. त्याच्या घरी मी दहा वेळा जेवलो होतो. त्याच्या वह्या मी रोज बघत होतो, आणि एकाही वहीवर श्री नव्हतं. सगळ्या याद्यांना चालेल असा कोड लिहिताना मी धरून चाललो होतो की लिहिणारा प्रत्येक माणूस माझ्यासारखाच आहे. तो कोड श्री ओळखत नव्हता. पहिली ओळ जी असेल ती फेकून द्यायची, एवढंच त्याला येत होतं. त्यानं ‘टोचावे’ फेकून दिलं, आणि खालचं सगळं एकेक पायरी वर सरकलं.

मग गोचीडनाशकाचा आकडा आठवला. एक. पूर्वी एक म्हणजे अंगावर ओतावे. आता एक म्हणजे तोंडाने पाजावे.

मी गोदामात पळत गेलो आणि एक खोकं फाडलं. मेंढीस वीस मि.ली., तोंडाने पाजावे. सुबक, ठळक अक्षरांत. ‘पाण्यात कालवून’ हे शब्दच गेले होते, म्हणजे वीस मि.ली. निव्वळ विष. विषाचं चित्र होतं, पण ते खोक्यावर. आणि मी तर बाटल्या सुट्या नेल्या होत्या.

लालासाहेब आले. प्रकरण कळल्यावर त्यांनी मिलिंदलाच धरलं. "एक अक्षर लिहायला काय झालं होतं रे तुला? हात झिजत होता?" मिलिंदनं माझ्याकडं पाहिलं. पहिली ओळ सोडायचा उद्योग माझा आहे, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी फोनकडं वळलो. घाई होती हे खरं, पण ते वाक्य मी गिळलं हेही खरं.

सयाजींच्या घरी फोन होता. त्यांच्या सुनेनं उचलला.

"मेंढरं? ती काल सांजच्याला नदीकडच्या रानात हलली की. सकाळी तुमचं मामा आलं हुतं हितं."

"कशाला?"

"बैलाला औषिद पाजायची बांबूची नळी मागून नेली त्यांनी."

"वहिनी, कुणाला तरी पळवा तिकडं. म्हणावं पाजू नका, ते विष हाय."

"आत्ता घरात कोण न्हाई हो दादा, समदी उसाच्या तोडीला गेल्यात. माझ्या पदरात पोर हाय. कोण आलं की धाडते."

मिलिंदनं स्कूटरची किल्ली आधीच हातात घेतली होती. निघताना लालासाहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाकीचा माल मी हलू देत नाही. तू त्या तीन बाटल्या गोळा करून आण. तिथं जास्त बोलत बसू नको. कारखान्याचं नाव निघता कामा नये."

इस्लामपूरच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. मिलिंद तिच्या कडेनं मातीतून स्कूटर घालत होता आणि मी मागं बसून हिशेब करत होतो. सकाळी सातला नळी नेली असेल तर आठला सुरुवात. एका मेंढीला दोन मिनिटं. मामा हात राखून काम करणारा माणूस, आधी एक-दोन मेंढरांना देऊन बघेल. मग मला आठवलं की मामा असं नव्या औषधाच्या बाबतीत करतो, पण हे तर भाच्यानं आणून दिलेलं. मिलिंदच्या खांद्याला धरून मी त्याला जोरात चल म्हणत होतो. वाटेत मी त्याला मालकांच्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणायला हवं होतं. तेवढं म्हणायला दोन तास मिळाले होते, तरी नाही म्हणालो.

मलकापूर ओलांडून नदीकडच्या गाडीवाटेला लागलो तेव्हा एक वाजून गेला होता. मेंढरांचा तळ दिसायच्या आधी ऐकू येतो. मी लहानपणापासून तो आवाज ऐकत आलोय. त्या दिवशी वाटेवर स्कूटर बंद केली आणि मी कान लावून उभा राहिलो. लांब कुठंतरी उसाला पाणी देणाऱ्या इंजिनाचा आवाज येत होता. बाकी काही नव्हतं.

बांधावर चढलो आणि दिसलं. कापून नेलेल्या ज्वारीच्या रानात मेंढरं आडवी पडली होती. काहींचे पाय ताणलेले, तोंडाला फेस. काही अजून जिवंत होती, त्यांची अंगं थरथरत होती. जनावरांचे डॉक्टर येऊन सुया देत होते, पण त्यांच्या हातात आता घाई राहिली नव्हती. वाघरीच्या जाळीआत उरलेली सत्तरेक मेंढरं न चरता, एकमेकांत तोंडं खुपसून उभी होती. बावन्न पडली होती. पहिली बाटली पुरती रिकामी झाली, दुसरीतली दोन मेंढरं झाली, तेव्हा पहिल्या मेंढीनं गुडघे टेकले होते.

मामा रानात मधोमध बसले होते, काठी मांडीवर आडवी. शेजारच्या तळावरचे तीन-चार जण बाजूला उभे. आई सगळ्यांपासून लांब, बांधाला टेकून बसलेली. बाटली तिनं ओच्यात झाकून धरलेली.

"आलास?" मामा माझ्याकडं न बघता म्हणाले. "वासावरनं मला वाटलं हुतं. मी म्हनलं बयाला, आगं गोचडीचं कवा पाजत्यात व्हय? परत वाच. तर हिनं परत तेच वाचलं. म्हणती छापलंय."

"बाईमाणसाच्या वाचण्यावर कोण जातंय गड्या," शेजारच्यांपैकी एक म्हणाला. "चार अक्षरं शिकली न्हाई तर..."

आई उठून माझ्याकडं आली. चेहरा असा की मी आजवर पाहिला नव्हता. तिनं बाटली माझ्या हातात दिली.

"तान्या, माझंच वाचाय चुकलं आसंल. दोनदा वाचलं, तरीबी चुकलं. ‘पा’ला मी नीट बघितलं न्हाई वाटतं. तू वाच बरं. मोठ्यानं वाच, तुझ्या मामाला ऐकू दे."

मी बाटली डोळ्यांसमोर धरली. तोंडाने पाजावे. मामांची नजर आता माझ्यावर होती. शेजारच्यांचीही. मामांना वाचता येत नव्हतं. शेजारच्यांनाही येत नसावं, आणि डॉक्टर लांब एका मेंढीपाशी वाकले होते. मला मालकांचे शब्द आठवले, मांडीवरची काठी दिसली आणि मी घाबरलो. ह्याला दुसरं नाव नाही.

"पाण्यात कालवून अंगावर ओतावे," मी वाचलं.

अगदी खणखणीत वाचलं. आईनं सावकाश मान हलवली. तिला हे अपेक्षितच होतं. "व्हय," ती म्हणाली. "मला वाटलंच." मग मामांकडं वळून, "दादा, माझ्या हातनं झालं. आता न्हाई वाचायची मी परत." मामांनी खाली मान घातली. शेजारचा माणूस जिभेनं च्‌ च्‌ करत होता. आई पदरानं डोळे न पुसता तशीच उभी होती.

मिलिंद माझ्या मागं होता. त्याच्या केसांत वाटेची धूळ होती. त्यानं माझ्या हातातली बाटली घेतली. मी ती घट्ट धरली होती, ती त्यानं ओढून घेतली. मिलिंद आईपुढं जाऊन उभा राहिला आणि बाटली त्यानं तिच्या डोळ्यांपुढं सरळ धरली.

"मावशी, तुम्ही बरोबर वाचलं होतं. परत वाचा."

"नगं पोरा."

"वाचा. मी हाय."

आईनं बोट ठेवलं. एकेका अक्षरावर, नेहमीसारखं. "तों-डा-ने." थांबली. "पा-जा-वे." मग तिनं बोट मागं नेलं आणि सबंध ओळ न अडखळता वाचली. मामांनी डोकं वर केलं. एक मेंढी पाय झाडत होती, तेवढाच आवाज येत होता.

आईनं बाटलीवरचं बोट काढलं आणि माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. काहीतरी समजून घ्यायचं असावं तसं पाहिलं.

"तान्या," ती म्हणाली, "तुला तर वाचाय येतंय न्हवं?"